जरीला तरी हवंच

ती. आईस,

वाकून नमस्कार. वाकता येतंय, म्हणजे कंबर बरी आहे असं समज.

दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जाते. परवा बाईंनी 'ऑल्दो' शिकवलं, म्हणजे आपलं 'जरी'. मी लिहिलं, 'ऑल्दो आय अ‍ॅम टायर्ड, बट आय विल कम.' बाईंनी 'बट'वर लाल रेघ ओढली. म्हणे, इंग्रजीत 'जरी' आलं की 'तरी' लागत नाही.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "बाई, नुसत्या 'जरी'वर माणूस रडत बसतो. 'तरी' आलं की कंबर कसून उठतो."

त्या हसल्या, पण गुण कापलेच. कापू देत! आज मुकादमाने रविवारीही कामावर ये म्हणून फर्मावलं. मी तोंडावर ऐकवलं, "ऑल्दो यू बॉस, बट संडे माइन!" व्याकरण गेलं खड्ड्यात, रविवार वाचला.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं लिही. आणि काकांनी पुन्हा विचारलं, 'पोर एकटी तिकडे कशी राहणार?' तर त्यांना सांग, जरी एकटी आहे, तरी राहते आहे.

लांब असले तरी तुझीच,
धाकटी