न केलेल्या सणांची पत्रं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्याशी भांडायची माझी खोड काही गेली नाही. आजही भांडायलाच बसले आहे. तो दारफाळणीचा दिवस आठवतो ना? आपल्या बेने इस्राएलांचा सगळ्यात कडक उपास, घराची दारं बंद, आणि तू पांढरं लुगडं नेसून भिंतीशी बसलेली. बाबा तर आधीच वारलेले. दादा सरकारच्या पलटणीबरोबर आफ्रिकेच्या वाळवंटात, आणि कित्येक दिवसांत त्याची खुशाली नाही. भर दुपारी कडी वाजते आणि बाहेरून आवाज येतो, "तार!" मी उठले तर तू माझं मनगट असं धरलंस की बांगडी पिचली. "नको गं," म्हणालीस, "दार उघडेपर्यंत तो जिवंत आहे." उपासाचं निमित्त होतं, तू भ्याली होतीस. मीही भ्याले होते. वलवणची दूधवाली मावशी ओट्यावर टेकली होती. तिनं तारवाल्याकडून मजकूर वदवून घेतला आणि दाराच्या फटीला तोंड लावून हाका मारायला लागली, "वैनी, अवो वैनी! पोरगं जित्तं हाय! जर्मनानं धरलंय निस्तं. भ्या नगा, जित्तं हाय!" बिचारीला वाटलं, आनंदाची बातमी आणली. ते ऐकून तुझे दात वाजायला लागले.

गल्लीत कुणाला कळेना, पोरगा जिवंत असताना ह्या बाईला झालंय काय. पहिल्या लढाईत बाबा बसऱ्याला होते तेव्हा तू एवढी घाबरली नव्हतीस, हे तूच सांगायचीस. नशिबात असेल तर माणूस परत येतो, म्हणायचीस. पण मुंबईला मामाकडे तुला व्हिएन्नाहून पळून आलेली ती डॉक्टरीण भेटली होती, आपल्याच धर्माची. तिकडे ज्यूंना घरातून उचलून नेतात आणि नेलेला माणूस पुन्हा दिसत नाही, हे तिनं तुझा हात धरून सांगितलं होतं. इथं मावळात आपल्याला कधी कुणी बोट लावलं नाही. शनिवारी चूल पेटत नाही म्हणून फार तर थट्टा व्हायची. तरी दुसऱ्याच दिवशी तू चौकटीवरची मेझुझा, ती आपल्या प्रार्थनेची नळी, काढून तांदळाच्या डब्यात पुरलीस. मी चिडून म्हटलं, "जर्मन येतोय का लोणावळ्यात बघायला?" तर म्हणालीस, भिंतीला कान असतात. आपल्या त्या पोपडे उडालेल्या भिंतीला!

मग कैद्यांच्या छावणीत पत्रं पाठवायची सोय झाली आणि तुझं डोकं चालायला लागलं. आडनाव कोकणातल्या गावाचं, बोली मराठी, रंग सावळा; कोण ओळखणार? पत्र आधी तिकडचा माणूस वाचणार, तेव्हा ते मराठ्याच्या घरचंच दिसलं पाहिजे. तू सांगायचीस, मी लिहायची. पण मराठ्याच्या घरात कुठल्या सणाला काय करतात, हे आपल्याला कुठं धड ठाऊक! म्हणून रोज सकाळी दूध घेताना मावशीची उलटतपासणी. गौरी कशा बसवता, पोळ्याला बैलाला काय चारता. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "वैनी, तुमाला आता बाटायचं हाय का काय?" शेवटी एक दिवस तू तिला खरं ते सांगून टाकलंस. तिनं दुधाचं माप खाली ठेवलं आणि म्हणाली, "लिवा मंग. गौरीला पुरनाचा निवद केला आन् तुजी लय आठवन आली, म्हनावं. माज्या घरचं हाय ते, खोटं न्हाई त्यात काय." आपण तसंच लिहिलं. चुकून गणपतीच्या आधीच गौरी बसवल्या गेल्या तर? माझ्या एका चुकीनं दादाला भिंतीशी उभं करून गोळी घालतील, असं मला खरंच वाटायचं गं.

लढाई संपली आणि दादा आला. नुसती हाडं राहिली होती. लोणावळा स्टेशनवर तुला पाहून तो पुढेच येईना, खांब धरून उभा राहिला. घरी येऊन पाणी प्याला, मग म्हणाला, "आई, मला वाटलं तू गेलीस." माझ्याकडे बोट करून तो सांगायला लागला, "अक्षर हिचं, बोलणं मावशीचं. आपल्या घरात गौरी? म्हटलं, आई मेली आणि ह्या दोघी मला कळू देत नाहीत. आपल्या रीतीनं सदरा फाडून सात दिवस जमिनीवर बसलो मी. पहारेकऱ्याला वाटलं, पोट बिघडलंय." तू चाचरत म्हणालीस, "अरे, त्यांना कळू नये म्हणून..." तर तो म्हणाला, "बराकीत सगळ्यांना ठाऊक होतं मी कोण ते. मराठे, पंजाबी, सगळ्यांना. एकानंही तोंड उघडलं नाही." तू त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातलास. "मेल्या, माझ्या जिवंतपणी माझं सुतक पाळलंस? आता बघ, शंभर वर्षं मरत नाही!" आणि त्याला पोटाशी धरून अशी रडलीस की शेजारपाजारचे धावत आले.

शंभर वर्षं काही तू जगली नाहीस. दादाही गेला. ती भीती तेवढी माझ्या वाट्याला आली, आणि माझं भांडण आहे ते त्याचंच. परवा शेजारी नवीन राहायला आलेली मुलगी चहाला आली होती. चांगली आहे पोर. सहज म्हणाली, "आजी, घरात देव दिसत नाहीत तुमच्या?" मी पटकन म्हणाले, "मुलाकडे आहेत, पुण्याला. आम्ही मराठे." जीभ अडखळलीसुद्धा नाही. तिनं मला काय केलं असतं गं? हे सगळं तुला सांगावं म्हणून लिहायला बसले, आणि आता वाचून बघते तर आपण कोण ते ह्यात स्पष्ट लिहिलंय. घरात ठेवायचा धीर होत नाही. सकाळी बंबात घालीन.