‘शेजार’च्या बारा जणी

३ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नोकरी लागली हे ऐकून आई हसली, आणि कुठे लागली ते ऐकल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसली. अगं, जगात एवढ्या कंपन्या असताना तुला हीच सापडावी? चार देशांतल्या गप्पांच्या साइट गिळून जी साधी ढेकरही देत नाही, ती परदेशी कंपनी आता आपल्याकडे दुकान मांडणार, आमच्या ‘शेजार’च्या उरावर बसणार, आणि तिच्या ऑफिसात भाषांतरं कोण करणार, तर माझीच धाकटी बहीण! पण रागावले नाही हो. पोटापाण्याचं काम आहे. तुझी भाषा गोड आहे, हे आता परक्यांनाही कळलं, एवढंच.

इकडे तेच. किल्ल्यांच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्या, तोच गळका नळ. मामाचा खटपट्या सर्व्हरच्या खोलीत घामाघूम होऊन बसतो आणि पंखा मात्र मशीनकडे वळवतो. सात वर्षांपूर्वी आम्ही दोघांनीच हे सुरू केलं. परवा साडेतीन लाखावा सभासद आला, तेव्हा खटपट्याने दोन कप चहा केला आणि दोन्ही स्वतःच प्यायला. तुझ्या कंपनीची धास्ती वाटते, खोटं कशाला बोलू? ‘शेजार’ बुडालं तर या वयात मला दुसरं काही येत नाही.

दिवसभर लोकांचं लिहिणं स्क्रीनवर वाचते, म्हणून घरच्यांना कागदावरच लिहायचं, हा माझा हट्ट तूही मोडू नकोस. आई तुझी वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावली नाहीस हे वाचून चार दिवसांनी धड जेवले. ऑफिस सातव्या मजल्यावर आहे. खुर्च्या अशा मऊ, की माणसाने काम करावं की झोपावं कळत नाही. भिंती काचेच्या, त्यामुळे नाक खाजवायचीही चोरी.

गंमत सांगते. आमचे साहेब आठवडाभर डोकं धरून बसले आहेत. त्यांच्या साइटवर फोटो झटकन चढतात, रंग सुंदर, सगळं फुकट, तरी आपले लोक येतात, दोन दिवस फिरतात आणि ‘शेजार’वर परत जातात. तक्ते काढून झाले, तज्ज्ञ बोलावून झाले. मी खाली मान घालून मनातल्या मनात हसते. पण ताई, खरं सांगू? मलाही माहीत नाही. तू लोकांना कशी बांधून ठेवतेस? मघाशी खिडकीपाशी उभी होते आणि एकदम वाटलं, आपल्या ताईचं काम आपल्याला कधी नीट कळलंच नाही. जरा सविस्तर लिही ना. कोण माणसं आहेत, कशी आहेत, सगळं. वाचताना तुझ्या खोलीत बसल्यासारखं वाटेल. घरातलं घरातच राहील, हे काय सांगायला हवं?

आईला नमस्कार. मोठेपणाने सांभाळून घेत जा.

तुझी,
बारकी


५ जुलै

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोरी, सात वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईला वाटतं मी टायपिंग करते. म्हणून बैजवार लिहिते.

आमच्याकडे गुपित एकच. नवा माणूस आला की पहिली नोंद लिहितो. बहुतेक वेळा ती खुळचट असते. नमस्कार, मी नवीन आहे, आमच्या गल्लीत आज पाणी नाही, असलं काहीतरी. तिला कुणीच उत्तर दिलं नाही, तर तो माणूस पुन्हा येत नाही. आमच्याकडे संध्याकाळच्या आत उत्तर जातंच. तेही मशीनचं नाही, माणसाचं, नाव वाचून, पाण्याची चौकशी करून. हे काम बारा जणी करतात. बाकीच्या सभासदांना त्या आपल्यासारख्याच वाटतात, आणि आहेतही. एकीला दुसरी माहीत नाही. यादी फक्त मला आणि खटपट्याला ठाऊक.

आता त्यांच्या एकेक तऱ्हा ऐक. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांचा सल्ला विचारला की विरघळतात, नाही विचारला तर आठवडाभर फुगून बसतात. बेकरीवाल्या काकूंना कुणीतरी रोज तब्येत विचारायला हवी. बसमधली तिकीटवाली भांडखोर, पण तिच्यावर चारचौघांत विश्वास दाखवा, जीव टाकेल. आणि आमची शिंपीण! हिच्यासारखं लिहिणारं कुणी नाही. तिच्या मुलीला ऐकू येत नाही, शिकून घरात बसून आहे, तिला कुठे काम मिळत नाही, हेच तिचं दुखणं. हे तिने माझ्याजवळ रडून सांगितलं. खटपट्यालाही मी बोलले नाही, तूही बोलू नकोस.

उरलेल्या आठ जणींची नावं आणि खोड्या मागच्या पानावर लिहिल्या आहेत. वाच आणि हस.

हे पत्र लिहून मन हलकं झालं. आपलं माणूस ते आपलंच. आहेस तशीच राहा.

तुझी,
ताई


७ सप्टेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोन महिने तुझं पत्र नाही. कामात असशील. मी मात्र पार कोलमडले आहे.

बारांपैकी नऊ जणी गेल्या. एकाच आठवड्यात, एकामागून एक, तुझ्याच कंपनीत. कुणी भेटायला आली नाही, तिकीटवालीने तर रस्त्यात मला बघून फुटपाथ बदलला. आणि चार दिवसांपासून त्यांच्या साइटवर पहिल्या नोंदीला संध्याकाळच्या आत उत्तर येतं. तसंच, नाव वाचून, पाण्याची चौकशी करून. आमचे लोक आपल्या काकू आणि मॅडम शोधत तिकडे निघाले आहेत. रोज हजार-बाराशे जण जातात.

ज्या बारा जणी एकमेकींना ओळखत नाहीत, त्यांना कुणी नेमकं कसं गाठलं? यादी तिघांना ठाऊक. मी, खटपट्या आणि तू. तुझ्यावर संशय घ्यायचा म्हणजे माझेच दात, माझेच ओठ. तो विचारही मनात आणला नाही. उरला खटपट्या. हल्ली तो गप्प असतो, माझ्याकडे बघत नाही. परवा बेकरीवाल्या काकूंशी जिन्यात कुजबुजत होता, मला पाहून थांबला. लहानपणापासून ज्याच्या ताटातलं उचलून खाल्लं, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. तू त्या ऑफिसात आहेस. तुझ्या कानावर काही आलं आहे का? काय करू, सांग. तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

तुझी,
ताई


१६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. इथे कामाचे विभाग वेगळे असल्यामुळे माझ्या कानावर काही येत नाही. मी नुसती भाषांतरवाली.

खटपट्याबद्दल मी काय बोलू? मामाच्या घरचा माणूस. पण ताई, कुंपणच शेत खातं असंही होतं. सात वर्षं तो मशीनमागे बसला, नाव मात्र तुझं झालं. माणसाच्या मनात काय सलत असतं, कुणी पाहिलंय? तू भोळी आहेस, एवढंच म्हणेन. काय करायचं ते तुझं तू ठरव.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
बारकी


४ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी खटपट्याला जायला सांगितलं. भांडला नाही. मशीनवरची धूळ पुसली, किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाला. दारात थांबून काहीतरी बोलणार होता, पण मी पाठ फिरवली.

त्यानंतर सर्व्हर दोनदा बसला. दुसऱ्यांदा चार दिवस उठला नाही, कारण त्या मशीनची नस खटपट्यालाच ठाऊक. साडेतीन लाखांतले दीड लाख उरले. आई विचारते, खटपट्या जेवायला का येत नाही. ऑफिसात गेला आहे, असं खोटंच सांगते.

तुझी,
ताई


१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे हाल वाचवत नाहीत. म्हणून एक आनंदाची बातमी देते. आमच्याकडे आता ‘स्वागत विभाग’ झाला आहे आणि मला त्यात वरची जागा मिळाली आहे. विभागाला एक अनुभवी प्रमुख हवी. मी साहेबांकडे तुझा शब्द टाकला. तुझ्याच जुन्या बायका तुझ्या हाताखाली असतील, मऊ खुर्ची असेल, गळका नळ नसेल. ‘शेजार’चं जे व्हायचं ते होणारच होतं गं, मोठ्या माशापुढे कुणाचं चाललंय? हो म्हण. आईलाही इकडेच आणू.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
बारकी


२८ ऑक्टोबर

चि. बारकीस,
आशीर्वाद. हाताला सवय आहे, म्हणून लिहिला गेला.

परवा शिंपीण आली. उंबऱ्यातच रडायला लागली. मुलीसकट परत आली आहे, तिकडे त्या पोरीला एका कोपऱ्यात नुसती बसवून ठेवली होती. तुमच्या कंपनीने तिला पाठवलेलं पत्र तिने माझ्या हातात दिलं. तुम्ही या, आणि ज्या मुलीला ऐकू येत नाही म्हणून कुणी काम देत नाही, तिलाही घेऊन या, असं त्यात लिहिलं आहे. त्या मुलीबद्दल शिंपिणीने फक्त मला सांगितलं होतं, आणि मी फक्त तुला. खाली सही साहेबांची आहे, भाषा तुझी आहे. तुझी भाषा मी अंधारातही ओळखेन.

केसाने गळा कापलास बारके. मी विश्वासाने बाया तुझ्यापुढे उभ्या केल्या, त्यांच्या खोड्या सांगून तुला हसवलं, आणि तू प्रत्येकीच्या खोडीला गळ लावलास. का, ते विचारत नाही. जागा मोठी मिळाली, हे तूच कळवलं आहेस.

मग मी खटपट्याकडे गेले. तो बाजारामागच्या एका दुकानात बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून बसतो. मी सगळं सांगितलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बेकरीवाल्या काकूंनी जिन्यात सांगितलं होतं, की फोनवर तुमची बारकी होती, आवाज ओळखला, रोज तब्येत विचारते. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, मी गेलो तर तुझं ‘शेजार’ जाईल, ती गेली तर तुझं घर जाईल. मला वाटलं, तू घर ठेवशील.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली, तुझ्या सांगण्यावरून. परत चल म्हणून हात जोडले. तो आला नाही. म्हणाला, ताई, तू बारकीला पत्र लिहून विचारलंस, मी पलीकडच्या खोलीत होतो, मला विचारलं नाहीस. खरं आहे ते.

महिनाअखेर ‘शेजार’ बंद करते आहे. उरलेल्या तिघींना घरी जाऊन सांगितलं. तुझी खुर्ची मला नको.

तू मला फसवलंस, ते मी एक दिवस गिळीन, बहीण आहेस. पण त्याला माझ्या हातून घालवलंस, ते घशाखाली उतरत नाही. आईला यातलं काही सांगितलं नाही. तुझी खुशाली यापुढे तिलाच कळवत जा. ते पत्र तिला मी वाचून दाखवीन, उत्तर मात्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईन.

ताई