आईच्या रेघेवरचा उंचवटा

१९ नोव्हेंबर

प्रिय धाकल्या,

इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. गळका नळ दुरुस्त झाला. माझे गुडघे कुरकुरतात, पण या वयात सुटे भाग बोलायला लागणारच. आई दोन वेळा जेवते. फोनवर माझी जीभ वळत नाही, म्हणून हा कागद.

मी दवाखान्यात हेच काम करते, म्हणून आईच्या स्मरणशक्तीची तपासणीही माझ्याच हातून होते, हे तुला माहीत आहे. दर तीन महिन्यांनी मी तिच्या डोक्यावर तारांची टोपी चढवते, केसांत चिकट जेल भरते आणि तिला पडद्यासमोर बसवते. पडद्यावर भराभर चेहरे येतात. बहुतेक परके, मधूनमधून घरातले, प्रत्येक पन्नास वेळा. मेंदूतली वीज रेघ होऊन उतरते. ओळखीच्या चेहऱ्याला त्या रेघेवर एक उंचवटा येतो. आई तोंडाने काही म्हणो, रेघेला भीड नसते.

फेब्रुवारीत माझ्या फोटोला उंचवटा आलाच नाही. मी तारा तपासल्या, जेल पुन्हा भरलं, यंत्राला नावं ठेवली. काही उपयोग झाला नाही. तिला रोज न्हाऊ घालणारी, भरवणारी मी, आणि तिच्या लेखी मी रस्त्यावरची कुणी बाई.

तुझ्या फोटोला मात्र आला. चांगला ठसठशीत. नुकती मिशी फुटलेला, कान पुढे आलेला तो फोटो.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तू म्हणालास, "ताई, आई मला ओळखेल का? ओळखत असेल तर उद्या निघतो. नसेल तर मला ते बघवणार नाही."

मी म्हणाले, "ती आता कुणालाच ओळखत नाही रे."

धाकल्या, मी खोटं बोलले. बारा वर्षांत दोनदा तोंड दाखवणाऱ्या तुला ती ओळखते आणि मला नाही, हे माझ्या पोटात दुखलं. मे महिन्यातही तुझा उंचवटा होता, ऑगस्टमध्येही होता, जरा खाली आलेला. दोन्ही वेळा तू विचारलंस आणि मी तेच उत्तर दिलं. राग ओसरला की सांगू, असं मनाशी म्हणत राहिले.

काल पुन्हा तपासणी झाली. तुझ्या फोटोला रेघ सपाट. मी तो आणखी शंभर वेळा दाखवला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरे करा, त्या दमल्यात. नंतर आईच्या केसांतलं जेल धुताना मला रडू आवरेना. तिने माझा ओला हात धरला आणि विचारलं, "बाई, तुमचं कोणी गेलं का?"

तुम्हा दोघांचे नऊ महिने मी खाल्ले. माफी मागायला तोंड नाही. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण इथे येऊन दे.

आलास की ती तुलाही विचारेल, तुम्ही कोण. काय सांगायचं ते तूच ठरव. तिला तुझ्याबद्दल खरं सांगायचा हक्क मी घालवला.

वाट बघते आहे, असं लिहायचीही लाज वाटणारी,
ताई