बरणीचा दादरा

रविवार, संध्याकाळ. दारव्हा.

अजून हसू येऊन राह्यलं. दिवाळीत आम्ही तिघा दोस्तांनी व्होडका बरणीत ओतली, संत्र्याच्या साली टाकल्या अन् लोणचं मुरवतात तशी गच्चीवर उन्हात ठेवली. तोंडाले फडक्याचा दादरा बांधला. आईले सांगितलं, संत्र्याचं पाचक आहे.

आज उघडली. रंग काय सुरेख! प्रकाशनं घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. "हे तं नुसतं कडू पाणी हाय बे!" सगळी नशा फडक्यातून उडून गेलती. दादरा काहून बांधला आपण? एकालेही सुचू नये?

"आपल्या कापसासारखंच झालं," प्रकाश म्हणे, "मेहनत आपली अन् हाती हवा." अन् असा खदखदून हसला! वेचणी सुरू झाल्यापासून त्याले हसताना पाह्यलं नव्हतं. मग आम्हीही सुटलो.

तेवढ्यात आई वाळलेले कपडे न्यायले वर आली. दादरा उचलून तिनं नाकाशी धरला. वाटलं, मेलो आता.

"लोणच्याले दादरा चालते," ती शांतपणे म्हणे, "याले घट्ट बूच लागते. तुझे बाबा वरून मेणही लावत."

बाबा? रोज गंध लावून कचेरीत जाणारे आमचे बाबा?