दुपारचा रकाना

बाबा,

वीज नसताना घर चालवणाऱ्या बॅटरीला जोडलेली पट्टी काढू नका. शाळेच्या प्रोजेक्टसाठी केलेला व्होल्टमीटर आहे. बॅटरी भरलेली असली की दहाही एलईडी पेटतात, उतरत गेली की एकेक विझतो.

आई आणि तुम्ही कामावर गेलात की कुलूप मी लावते, तेव्हा दहा पेटलेले असतात. दुपारी दोनला शाळेतून येते तेव्हा चारच. चार दिवस हेच चाललंय. मीटर सरांनी तपासला, बरोबर आहे. मग वरच्या मजल्यावरच्या उम्म वदीअ काकूंचा संशय आला. "माझ्यावर आळ घेतेस होय गं?" म्हणाल्या आणि कॉफी पाजली. आपल्या बॅटरीला त्यांची वायर कुठेच जोडलेली नाही. काल मी आले तेव्हा आपला पंखा मात्र गरम होता. आणि तुम्ही बंदरावर माल उतरवायला जाता, तरी तुमचे बूट आठवडाभर स्वच्छ, कोरडे आहेत.

आईला बोललेली नाही. मसूर-भाताचा मुजद्दरा पातेल्यात ठेवलाय, गरम करून खा.

प्रोजेक्टच्या नोंदींच्या कागदावर घरच्यांची सही लागते. संध्याकाळी तो आईपुढे ठेवणार आहे. सकाळचे आकडे मी लिहिलेत. दुपारचा रकाना मोकळा सोडलाय, दुपारी जो घरी असतो त्यानं भरावा.

लमीस