हेडफोनची वायर

अरे,

मी ताईकडे जातेय. किती दिवस, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. तिला एवढंच सांगितलंय की घरी काम होत नाही.

प्रिंटरमध्ये कागद भरून ठेवलेत. तुझ्या खुर्चीचा स्क्रू ढिला झालाय, माझी घे. खिडकीतल्या रोपाला एक दिवसाआड पाणी घाल. रोज घातलंस तर तुझ्या लाडानेच मरेल.

एवढ्याशा खोलीत एकाच टेबलावर दोघांनी काम करायचं, म्हणून आपणच नियम केला होता: कानावर हेडफोन असले की बोलायचं नाही. मी तो कधी मोडला नाही. आईचा रिपोर्ट आला त्या दिवशीसुद्धा तासभर तुझ्यासमोर बसून राहिले आणि मग एकटीच डॉक्टरांकडे गेले.

गेल्या सोमवारी चार्जर लावायला टेबलाखाली वाकले, तर तुझ्या हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. चुकून निघाली असेल, असं मला वाटलं. एकदा पाहून निष्कर्ष काढायचा नसतो, म्हणून आठवडाभर रोज पाहिलं. तू रोज सकाळी हेडफोन कानाला लावत होतास आणि पिनवरची धूळ तशीच होती.

भांडला असतास तरी चाललं असतं रे.

जेवण फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे. आणि हेडफोन काढून ठेव, कान दुखतील. आता समोर बोलणारं कोणी नाही.