गुआमला हरवेपर्यंत अनवाणी

१४ जून २०१५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की तिथून पुढे सगळं बदलतं. माझा तो दिवस आज.

गावच्या सेवा सोसायटीची सभा होती. दुष्काळ, टँकर, जनावरांची छावणी, नेहमीचेच विषय. चेअरमन मोहनराव म्हणाले, पुढच्या निवडणुकीला पॅनेलमध्ये त्यालाच घेणार, ज्याने काही त्याग केलाय. लगेच बंकट उठला. पाऊस पडेपर्यंत डोक्याला फेटा बांधणार नाही म्हणे. टाळ्या. बंकट वर्षातून दोनदा फेटा बांधतो, तोही मागून आणलेला.

मग मी उठलो. पाऊस हा विषय मला घ्यायचाच नव्हता. पावसाचा भरवसा नाही. पण सकाळीच पेपरात वाचलं होतं: फुटबॉल वर्ल्ड कपच्या क्वालिफायिंग राउंडमध्ये मंगळवारी भारत विरुद्ध गुआम. गुआम हे समुद्रातलं एक बेट. लोकसंख्या दीड-पावणेदोन लाख. आमच्या बीड जिल्ह्याची पंचवीस लाख. नुसत्या जिल्ह्याने टीम काढली तरी हरवू. म्हणून जाहीर केलं, भारत क्वालिफायिंग मॅच जिंकेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

मोहनराव म्हणाले, लिहून घ्या. सचिव त्रिंबकने प्रोसिडिंग बुकात ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली घेतलं. ठराव क्रमांक सात. सूचक मी, शहादेव. अनुमोदक खुद्द चेअरमन. बंकटचं नुसतं तोंडी आहे.

शाळेत मी गोलकीपर होतो. खेळातलं कळतं. दोन दिवसांचा प्रश्न.

घरी विमलला सांगितलं. बायको म्हणून थोडा अभिमान वाटायला हरकत नव्हती. ती म्हणाली, पायानं खेळत्यात त्योच ना? मंग चपला त्यांनी काढाव्या, तुमी कावून काढल्या?

१६ जून
त्रिंबकच्या मोबाइलवर स्कोअर पाहिला. गुआम दोन, भारत एक. मोबाइल जुना आहे. नावं उलटी दाखवत असेल.

तोच दिवस, संध्याकाळ
उलटी नाहीत.

१७ जून
पुढची मॅच ८ सप्टेंबरला, इराणशी. पावणेतीन महिने. एक प्रकारे बरं झालं. दोन दिवसांचा त्याग कोणाच्या लक्षात राहतो?

५ जुलै
पेरणी नाही. जमीन तव्यासारखी. दुपारी चौकातून सोसायटीपर्यंत जायचं म्हणजे सावलीतून सावलीत उड्या. लोक बघतात. बघू देत, त्यातूनच नेता घडतो.

शोध: टँकरमधून पाणी सांडतं तिथे चिखल होतो. त्यात पाय ठेवून उभं राहिलं की स्वर्ग. आज एक तास उभा होतो. बायका ओरडल्या की हा माणूस नंबर अडवतोय. त्यांना काय सांगणार.

८ सप्टेंबर
इराण तीन, भारत शून्य. इराणशी हरणं हे हरणं नव्हे.

१६ सप्टेंबर
दुपारी अर्धा तास पाऊस झाला. पेरणीजोगा नाही, धूळ बसण्यापुरता. बंकट सुटला. फेटा बांधून हलगी लावून गावातून फिरला. माझ्या दारासमोर जरा जास्तच वाजवली.

९ ऑक्टोबर
काल तुर्कमेनिस्तान दोन, भारत एक. एक गोल आपण केला, याची नोंद असावी.

राधाकिशन आला होता. विमलचा भाऊ. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, दरवर्षी इथून सांगलीकडे टोळी नेतो. म्हणाला, दाजी, औंदा रानात काय बी न्हाई. तुमचा कोयता धरतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळ्या बांधून गाडीवर चढवायच्या. एकटं माणूस गेलं तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. काम मात्र पुरं पडतं.

मी त्याला पाय दाखवले. तोडलेल्या उसाची बुडखी टोकदार असतात, अनवाणी माणूस फडात टिकेल का? ठराव आहे म्हटलं. माझ्या हातात काही नाही.

राधाकिशनने माझ्या टाचा निरखून बघितल्या. विमलने चहा दिला.

१४ ऑक्टोबर
काल ओमानने तीन घातले. आपण शून्य.

खरं सांगायचं तर (ही वही कोणी वाचणार नाही) मला फार वाईट वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वी मी गेलो होतो फडावर. आठव्या दिवशी राधाकिशन सगळ्यांसमोर म्हणाला, दाजी, तुमी आपले गाडीपाशी बसा. पुढचे चार महिने विमलने तोडलं आणि मी मोळ्या बांधल्या. बाकीच्या टोळीत उलट. पोरंसोरं हसायची. एक बाई तर मला वहिनी म्हणाली. हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही, पान खराब होईल.

संकल्प: रोज सकाळी पायांना तेल.

२ नोव्हेंबर
टोळी भाऊबीज करून निघणार. विमलने भांडी बांधायला घेतली. मी विचारलं, कोणासोबत जाणार? ती म्हणाली, अर्धा कोयता लिवलाय भावानं. वर म्हणाली, लई इच्यार करू नका, तुमचा ठराव हाय.

ती समजूतदार आहे. मला पहिल्यापासून माहीत आहे.

१२ नोव्हेंबर, पाडवा
संध्याकाळी गुआमची मॅच, बंगळुरूला. सोसायटीत टीव्ही लावला. लाईट होती. सगळं गाव गोळा, कारण माझ्या पायांशी आता सगळ्यांची ओळख आहे. दहाव्या मिनिटाला आपला गोल! मी उडी मारली. पहिल्या हाफमध्येच आपला एक खेळाडू रेड कार्डाने बाहेर. एक माणूस निघून गेला तरी उरलेल्या दहा जणांनी शेवटपर्यंत ओढून नेलं. दुप्पट पळत होते बिचारे. डोळ्यांत पाणी आलं. याला म्हणतात टीम.

एक-शून्य. जिंकलो.

लोकांनी मला उचललं. खाली ठेवल्यावर बंकटने कोणाची तरी चप्पल माझ्यापुढे सरकवली. तेवढ्यात राधाकिशन म्हणाला, दाजी, सुटलाव! परवा सकाळी टेम्पो येतोय.

ती चप्पल मी ज्याची त्याला परत दिली.

घरी विमलने ओवाळलं. पाडव्याला नवऱ्याने बायकोला ओवाळणी घालायची असते, मी गडबडीत विसरलो होतो. तिनेच पाटाखालून बूट काढले. कॅनव्हासचे, नवे, माझ्या मापाचे. शिरूरच्या बाजारातून कधी आणून ठेवले होते कोणास ठाऊक. हसत होती. इतकी हसताना तिला लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिलंय. म्हणाली, मला ठाव होतं, कवातरी जिंकतील. चला आता.

मी म्हणालो, उद्या सांगतो.

१३ नोव्हेंबर
सकाळी सातला त्रिंबकच्या घरी. प्रोसिडिंग बुक काढायला लावलं. ठरावात लिहिलंय, ‘मॅच जिंकेपर्यंत’. मी म्हणालो, ही लेखनिकाची चूक आहे. माझा आशय ‘पुढील फेरीत जाईपर्यंत’ असा होता. त्रिंबक म्हणाला, तुमी तर सभंत… मी म्हणालो, आशय बघ. मोहनराव भाऊबीजेच्या घाईत होते, त्यांनी न वाचताच सही केली. दुरुस्ती मंजूर.

देशासमोर पुढची फेरी असताना एका मॅचवर समाधान मानणं हे छोट्या मनाचं लक्षण आहे.

विमलला सांगितलं. तिने दोन वेळा विचारलं, म्हंजी न्हाई येनार? मी ठराव समजावून सांगितला. तिने बूट उचलले आणि भांड्यांच्या गाठोड्यात घातले. दोन मोजे घालून मीच वापरते म्हणाली.

१४ नोव्हेंबर
टोळी गेली. टेम्पोत सगळ्या जोड्या. कडेला विमल आणि वाडीची विधवा कौशल्याबाई, तीही अर्धा कोयता. मी हात हलवला. विमल पुढे बघत होती.

गाव रिकामं. कुत्रीसुद्धा कमी वाटतात.

२० डिसेंबर
पाणी, भाकरी, म्हैस, सगळं मीच. भाकरीचा आकार गुआमच्या बेटासारखा येतो. म्हैस छावणीत नेऊन बांधली, मग मीही तिथेच बसू लागलो. निदान बोलायला माणसं. पण तीही जनावरांपुरतंच बोलतात.

१० जानेवारी २०१६
विमलचा फोन. म्हणाली, पाठ लई दुखते, पहाटं तीनला उठावं लागतं. मी म्हणालो, माझ्या टाचा बघितल्यास तर रडशील. ती म्हणाली, ठेवते, गाडी भरायचीय.

नंतर वाटलं, पाठीला काय लावते ते विचारायला हवं होतं. उद्या फोन करून विचारेन.

११ जानेवारी
केला. उचलला नाही. रेंज नसेल.

१४ फेब्रुवारी
रेंज नसेल.

२४ मार्च
इराण चार, आपण शून्य. बंकट विचारत होता, आता पुढली फेरी कशी? मी कागदावर गणित मांडून दाखवलं. मंगळवारी आपण तुर्कमेनिस्तानला मोठ्या फरकाने हरवलं आणि बाकीचे सगळे एकमेकांकडून हरले तर. तो म्हणाला, सगळेच कसे हरतील बे? त्याला टेक्निकल कळत नाही.

२९ मार्च
कोचीला तुर्कमेनिस्तान दोन, भारत एक. पाच संघांत आपण पाचवे. गुआम आपल्या वर, चौथं.

३० मार्च
त्रिंबकने चौकशी केली. पुढची फेरी नाही. या वर्ल्ड कपपुरता विषय बंद. पुन्हा क्वालिफायिंग सुरू व्हायला तीन वर्षं.

मी म्हणालो, ठराव रद्द कर. तो म्हणाला, तुमचीच दुरुस्ती हाय. रद्द करायला विशेष सभा पायजे, सभेला गणपूर्ती पायजे. सभासद सगळे फडावर. तरी त्याने नोटीस लावली.

१ एप्रिल
सभा. हजर चार, त्यात एक झोपलेला. गणपूर्तीअभावी तहकूब.

मोहनरावांनी तिथेच पॅनेल सांगितलं. बंकट आहे. मी नाही. मी विचारलं, माझा त्याग? बिनचपलेचे साडेनऊ महिने? मोहनराव शांतपणे म्हणाले, शहादेव, बायकोला एकलीला फडावर धाडून गावात बसलेला माणूस म्हनत्यात लोक तुला. तुझं नाव कसं घेऊ?

राजकारण.

तोच दिवस, दुपार
राजकारण नाही. मी भ्यालो होतो. पुन्हा कोणी वहिनी म्हणेल म्हणून भ्यालो, आणि गुआमच्या आड लपलो. जिंकल्यावरसुद्धा बाहेर आलो नाही. विमल आली की तिला हे सांगायचं. नीट, तोंडावर. आणि पुढच्या वर्षी तिच्यासोबत जायचं. मोळ्या बांधीन, हसणाऱ्यांना हसू दे. हा संकल्प खरा आहे. खाली दोन रेघा ओढतो.

३ एप्रिल, रविवार
टोळी परत आली. ऊसच संपला म्हणून लवकर. मी चप्पल घालून स्टँडवर गेलो. ठराव मोडून, भर चौकातून. लोक बोट दाखवतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. कोणी पाहिलंसुद्धा नाही.

विमल वाळलीय. काळी पडलीय. पण टेम्पोतून उतरताना कौशल्याबाईशी काहीतरी बोलून खदखदा हसत होती. मी गाठोडं घेतलं. घरी येईपर्यंत सगळं बोललो. भ्यालो होतो, म्हणालो. चुकलो, म्हणालो. तिने मध्ये तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं.

मग मी म्हणालो, पुढच्या वर्षी मी येतो. राधाकिशनला सांग, आपला कोयता लिहून घे.

विमलने तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. म्हणाली, भावानं लिवून घेतलाय कवाच. मी आन् कौशल्या. संक्रांतीपासून आमी दोघी मिळूनच तोडतो. पुरा कोयता हाय आमचा. तुमी म्हैस बघा.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधंच म्हणाली.